आमचं डिशवॉशर वाचवणाऱ्या दादांना, नाशिकच्या इंदिरानगरहून

सप्रेम नमस्कार दादा,

तुमचं नाव मी इथे लिहीत नाही. "ताई, नाव-नंबर कुठे टाकू नका, आहे तेवढंच काम आवरत नाही," असं तुम्ही निघताना सांगितलं होतं. पण आभार मानायचे राहून गेलेत. त्या दिवशी चहासुद्धा तुम्ही उभ्याउभ्याच घेतलात. पुढच्या घरी कुणाचं तरी वॉशिंग मशीन खोळंबलं होतं, आणि मला जे बोलायचं होतं ते तसंच राहिलं. म्हणून हे पत्र, आणि सगळ्यांना वाचता यावं असं. जुनं मशीन दुरुस्त करावं की नवं आणावं, या प्रश्नात आज कितीतरी घरं अडकलेली असतील.

आधी थोडं मागचं. आमचं डिशवॉशर २०१५ सालचं, सिंहस्थाच्या वर्षातलं. २९ ऑगस्टच्या पहिल्या शाहीस्नानाला घरात अकरा पाहुणे होते. रामकुंडावरून दमून आलेल्या माणसांना जेवायला वाढायचं आणि मग रात्री बारापर्यंत भांडी घासायची, हे ठरलेलं. भांड्यांच्या साबणाने माझ्या हातांना इसब होतो. बोटांच्या पेरांना चिरा पडतात, थंडीत त्यातून रक्त येतं. रबरी हातमोजे वापरून पाहिले, तर आत घाम साचून आणखीच चिघळलं. त्या पर्वणीच्या रात्री माझे हात पाहून सासूबाई काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी कपाटातून एक पाकीट काढलं आणि माझ्यापुढे ठेवलं. मशीनचे निम्मे पैसे त्यांचे आहेत, दादा. त्यांच्या शिलकीतले. म्हणून ते मशीन बंद पडलं तेव्हा मला फक्त नव्या मशीनच्या बेचाळीस हजारांची चिंता नव्हती.

या फेब्रुवारीत एका रात्री ते अडलं. पाणी घेईना, खालून सारखा घुर्र आवाज, बटण बंद केलं तरच थांबायचा. पडद्यावर एक आकडा लुकलुकत होता. सर्व्हिसचा माणूस आला, त्याने आकडा पाहिला, दार दोनदा उघडझाप करून बघितलं आणि बोर्ड, म्हणजे मशीन चालवणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट, गेल्याचं सांगितलं. साडेचौदा हजार. "एवढे घालण्यापेक्षा एक्स्चेंजमध्ये नवीन घ्या, जुन्याचे दोन हजार मिळतील." दहा मिनिटांत तो आला आणि गेला. खालची पत्र्याची पट्टीसुद्धा त्याने काढली नव्हती. हे मला तेव्हा खटकलं नाही, कारण ती काढायची असते हेच मला माहीत नव्हतं. आमचे हे महात्मा गांधी रोडवर जाऊन नव्याचे भाव काढून आले. चार दिवस मी पुन्हा हाताने भांडी घासली आणि पाचव्या दिवशी अंगठ्याच्या पेराला चीर पडली. नवं घ्यायचं जवळजवळ ठरलंच होतं. सासूबाई "घ्या" म्हणाल्या, पण आवाज पडलेला होता.

खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी तुमचा नंबर दिला नसता तर आज हे पत्रही नसतं.

तुम्ही आलात ते मला अजून क्रमाने आठवतं. आल्या आल्या मशीनला हात लावला नाहीत. आधी विचारलंत, रोज किती वेळा लावता, शेवटचं मीठ कधी भरलं, बंद पडायच्या आधी आवाज बदलला होता का. हा शेवटचा प्रश्न ऐकून मी थांबले. हो, आठ-दहा दिवस आधीपासून पाणी बाहेर टाकताना टर्र टर्र वाजत होतं. तुम्ही नुसती मान हलवलीत, आणि मग माझ्याकडून तीन वाट्या मागून घेतल्यात. खालच्या पट्टीचे स्क्रू एका वाटीत, मागचे दुसऱ्या, पंपाचे तिसऱ्या. अंबडच्या कारखान्यात मोटर वाइंडिंगला असताना लागलेली सवय, असं म्हणालात. काम संपलं तेव्हा तिन्ही वाट्या रिकाम्या होत्या. वहिनींकडे पूर्वी आलेल्या एकाने चार स्क्रू ओट्यावर तसेच ठेवून दिले होते, म्हणून हे मुद्दाम लिहिते.

पट्टी निघाली आणि तुम्ही मला खाली वाकून टॉर्चच्या उजेडात बघायला लावलंत. मशीनच्या तळाशी एक उथळ ट्रे असतो आणि त्यात थर्माकोलसारखा एक तरंगता तुकडा असतो, हे मला अकरा वर्षांत ठाऊक नव्हतं. ट्रेमध्ये बोटभर पाणी होतं. पाण्याने तो तुकडा वर उचलला गेला की त्याखालचं बटण सुटतं, मशीन पाणी घेणं बंद करतं आणि आहे ते पाणी उपसत राहतं. घरात पूर येऊ नये म्हणून केलेली सोय. म्हणजे बोर्ड मेलेला नव्हता, तो त्याचं काम चोख करत होता. तुम्ही फडक्याने ट्रे टिपून कोरडा केलात, तो पांढरा तुकडा खाली बसला आणि घुर्र आवाज थांबला. त्या क्षणी सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी हात जोडले.

पण तुम्ही तिथे थांबला नाहीत. "पाणी आलं कुठून ते बघू," म्हणालात. आतली जाळी फिरवून काढलीत, खालच्या खळग्यातलं पाणी स्पंजने उपसलंत, पंपाचं झाकण काढलंत आणि चिमट्याने आतून एक काळा कुळकुळीत चिंचोका बाहेर काढलात. तो पंख्याच्या पात्याशी अडकून वाजत होता. पाण्याची वाट निम्मी तुंबलेली, पंपावर जोर येत होता, आणि पंप जिथे बसतो तिथली रबराची रिंग उष्णतेने लाकडासारखी कडक झालेली. तिच्यातून थेंब थेंब गळून ट्रे भरला होता. चिंचोका मुळात आत गेला कसा, तर जाळी अर्धवट बसत होती. जाळी ठेवून खटका लागेपर्यंत फिरवायची असते. मी नुसतीच ठेवत होते.

नवी रिंग, पंपाची सफाई, तुमची मजुरी, सगळे मिळून एक हजार आठशे पन्नास.

इतकंच झालं असतं तरी आभार मानले असते. पण मला खरे आभार मानायचे आहेत ते त्यानंतरच्या अर्ध्या तासाचे. मी विचारलं, "दादा, खरं सांगा, यात पैसे घालावेत का?" तुम्ही "चालेल की" म्हणून मोकळे झाला नाहीत. विजेचं बिल मागितलंत आणि त्याच्या मागे हिशेब लिहून दाखवलात. नवं मशीन बेचाळीस हजारांचं, नीट सांभाळलं तर साधारण दहा वर्षं चालतं. म्हणजे भांडी घासण्याचा खर्च वर्षाला चार हजार दोनशे. आता दुरुस्तीचा जो आकडा सांगितला जाईल त्याला चार हजार दोनशेने भागायचं. जेवढं उत्तर येईल तेवढी वर्षं त्या दुरुस्तीनंतर मशीन चाललं पाहिजे. एक हजार आठशे पन्नास म्हणजे साडेपाच महिनेसुद्धा नाहीत. साडेचौदा हजार म्हणजे जवळपास साडेतीन वर्षं, आणि अकरा वर्षांच्या मशीनची साडेतीन वर्षांची हमी कुणीच देऊ शकत नाही. "बोर्ड खरंच गेला असता तर मीच तुम्हाला नवीन घ्या म्हणालो असतो," हे तुमचं वाक्य ऐकलं आणि माझा तुमच्यावर पूर्ण विश्वास बसला. ते बिल मी फ्रिजवर चिकटवून ठेवलंय. गीझरच्या वेळीही तोच भागाकार केला आणि गीझर मात्र बदलला.

मग तुम्ही हीटरचं सांगितलंत. त्यावर क्षाराचं पांढरं पुट चढलं होतं, चुन्याच्या डबीच्या काठावर धरतं तसं. आमच्या सोसायटीत पावसाळ्यात निव्वळ महापालिकेचं, धरणाचं पाणी असतं, पण मार्चनंतर टाकीत बोअरचं पाणी मिसळतात. ते जड. तुम्ही खिशातून कागदाची पट्टी काढून नळाखाली धरलीत आणि रंग दाखवलात. मशीनच्या पोटात पाणी मऊ करणारे बारीक मणी असतात, ते पाण्यातला कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि मिठाच्या पाण्याने धुतले की पुन्हा ताजे होतात. मीठ भांड्यांसाठी नसतं, त्या मण्यांसाठी असतं. हे कुणी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर मी चार-चार महिने मीठ न भरता राहिले नसते. वर मध्यंतरी दोनदा घरातलं बारीक मीठ भरलं होतं. ते का चालत नाही तेही तुम्ही न रागावता समजावलंत: त्यातल्या मोकळं राहण्यासाठी घातलेल्या पावडरीने गाळ होतो, म्हणून जाड दाण्याचंच मीठ हवं. पाण्याच्या जडपणाचं सेटिंग सगळ्यात खाली होतं, ते तुम्ही वाढवून दिलंत. सायट्रिक ॲसिड घालून रिकामं मशीन गरम पाण्यावर एकदा चालवायला सांगितलंत. मी ते दुसऱ्याच दिवशी केलं. काचेचे पेले आता आरपार दिसतात, त्यांच्यावर धुरकट थर असायचा.

सासूबाईंशी तुम्ही बोललात तेही लिहायलाच हवं. भांडी बाजारातून आणलेलं त्यांचं पितळी पातेलं मी मशीनमध्ये लावावं का, असं त्यांनी विचारलं होतं. तुम्ही ते हातात घेऊन आतली कल्हई बघितलीत आणि नको म्हणालात, गरम पाणी आणि ती जहाल पावडर यांनी कल्हई उतरेल, तांबं-पितळ काळवंडेल. लोखंडी तवा, लाकडी पोळपाट, ॲल्युमिनियमची पातेलीही नकोत. मग सासूबाईंना बोलायचं निमित्तच मिळालं. दारावर कल्हईवाला यायचा, भाता चालवायचा, नवसागराचा धूर उठायचा आणि कथिलाची कांडी फिरली की पातेलं चांदीसारखं व्हायचं, हे सगळं त्यांनी तुम्हाला सांगितलं. घाईत असूनही तुम्ही पंपाचे स्क्रू आवळता आवळता ऐकत होतात, मधेच "मग किती घ्यायचा आजी?" असं विचारत होतात. त्यांचं वय चौऱ्याऐंशी आहे. हल्ली त्यांचं बोलणं कुणी पुरतं ऐकून घेत नाही, आम्हीसुद्धा नाही. त्या दिवशी रात्री त्या पोटभर जेवल्या.

आणि आशा किती ठेवायची, हेही तुम्ही स्पष्ट सांगितलंत. खालच्या जाळीच्या टोपलीच्या दांड्यांना गंज धरलाय, तो वाढू नये म्हणून टोकांना रबरी टोप्या घातल्यात. पाणी फिरवणारी मोठी मोटर अजून ठणठणीत आहे, पण ती गेली किंवा आतल्या स्टीलला भोक पडलं, तर एक रुपयाही घालू नका, असं बजावलंत. "फक्त हीटर गेला तर मला फोन करा, भागाकार करून बघू." "पुढच्या वर्षीची पर्वणी काढेल, त्यापुढचं सांगत नाही," म्हणालात. मला तेवढंच हवं आहे, दादा. २०२७ च्या ऑगस्टमध्ये त्याला बारा वर्षं होतील, एक तप. त्या पर्वणीला पुन्हा घर भरेल, आणि सासूबाईंच्या पैशांचं मशीन तेव्हा चालू असावं, एवढीच माझी इच्छा आहे. नवं घ्यायची वेळ येईल तेव्हा काय बघायचं तेही तुम्ही लिहून दिलंय: मिठाचा कप्पा हवाच, आतून पूर्ण स्टील हवं, कढई-कुकर बसेल एवढी उंची, आणि सुटे भाग नाशकात मिळतात का ते आधी विचारायचं.

आठ दिवसांनी तुम्ही या बाजूला आलात म्हणून डोकावलात, पट्टी काढून ट्रेमध्ये बोट फिरवून बघितलंत. बोट कोरडं निघालं. त्याचे पैसे द्यायला गेले तर तुम्ही हात मागे घेतलात. "काम माझंच होतं, ते बघायला आलो," म्हणालात आणि जिना उतरून गेलात.

माझ्या अंगठ्याची चीर भरून आली आहे. मीठ दर महिन्याच्या एक तारखेला बघते. जाळी खटका लागेपर्यंत फिरवते, आणि ताटं आत लावायच्या आधी चिंचोके, लवंगा, तमालपत्राचे देठ नीट काढून घेते. तुम्ही काढलेला तो चिंचोका सासूबाईंनी धुऊन पुसून त्यांच्या सुपारीच्या डबीत ठेवलाय. आल्या-गेल्याला दाखवतात.

पुढच्या वेळी काम नसलं तरी या. चहा बसून घ्यायचा आहे, आणि सासूबाईंचं तांबट आळीचं सांगायचं राहिलंय.

तुमची,
इंदिरानगरची ताई