ग्रॅम स्टेनिंग किटमधल्या निकामी आयोडीनबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

अमळनेरच्या आमच्या महाविद्यालयाने आपल्याकडून ग्रॅम स्टेनिंगची (जीवाणू रंगवून त्यांचा गट ओळखण्याची) सहा किट घेतली. एप्रिलच्या उन्हात ती कुरिअरने आली. लेबलवर मुदत पुढच्या वर्षापर्यंतची आहे, पण आतलं आयोडीन कामाचं नाही, आणि हे आम्हाला ऐन प्रात्यक्षिक परीक्षेत कळलं.

परीक्षेत प्रत्येकाला नंबर टाकलेल्या नळीत एक अनोळखी जीवाणू मिळतो. पहिली पायरी ग्रॅम स्टेनची: जांभळा दिसला तर पॉझिटिव्ह, गुलाबी दिसला तर निगेटिव्ह. तिथे चुकलं की पुढच्या सगळ्या चाचण्या भलत्याच वाटेने जातात. पारोळ्याहून एसटीने येणारी एक विद्यार्थिनी रडवेली होऊन म्हणाली, "मॅडम, काड्या गुलाबी आल्यात, म्हणजे निगेटिव्ह. पण स्पोअर स्टेनमध्ये आत हिरवे दाणे दिसताहेत. काय लिहू?" मी सूक्ष्मदर्शकाच्या ऑइल इमर्शन भिंगाखाली पाहिलं. काडीच्या आकाराचे जीवाणू गुलाबी, आणि त्यांच्या पोटात मॅलाकाइट ग्रीन रंगाचे हिरवे ठिपके, म्हणजे स्पोअर (बीजाणू). तिच्या नळीत बॅसिलस सबटिलिस होता, स्पोअर बनवणारा आणि ग्रॅम पॉझिटिव्ह. ग्रॅम स्टेनमध्ये तो जांभळाच दिसायला हवा.

लगेच एकाच स्लाइडवर स्टॅफिलोकॉकस (पॉझिटिव्ह) आणि ई. कोलाय (निगेटिव्ह) शेजारी शेजारी घेतले. आपल्या किटने दोन्ही गुलाबी! मग फक्त आयोडीन बदललं. १ ग्रॅम आयोडीन, २ ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड, ३०० मिली पाणी, असं ताजं द्रावण आम्हीच बनवलं. स्टॅफिलोकॉकसचे घोस गडद जांभळे आले, ई. कोलाय गुलाबीच राहिला.

क्रिस्टल व्हायोलेट या जांभळ्या रंगाला पेशीत धरून ठेवण्याचं काम आयोडीनचं. तेच मेलं असेल तर अल्कोहोल सगळा जांभळा रंग धुऊन नेतं आणि वर गुलाबी सॅफ्रानीन चढतं. आपली बाटली पांढऱ्या पारदर्शक प्लास्टिकची आहे, झाकणही सैल. आतलं द्रावण फिक्या चहासारखं. आयोडीन तपकिरी काचेत, घट्ट बुचाखाली ठेवायचं असतं, हे आपल्याला मी सांगायला लागावं याचं वाईट वाटतं.

फोनवर आपल्या प्रतिनिधीने सांगितलं, "कल्चर जुनं असेल, नाहीतर मुलांनी अल्कोहोल जास्त वेळ ठेवलं असेल." ग्रॅम स्टेनसाठीचं कल्चर (वाढवलेले जीवाणू) १८ तासांचं होतं. दोन्ही वेळा स्टेनिंग मी स्वतः केलं, घड्याळ लावून. मुलांच्या हातांना दोष देऊ नका. त्या मुलीने दिसलं ते प्रामाणिकपणे लिहिलं, म्हणून तर हा दोष सापडला. तिच्यासह सर्वांची परीक्षा आम्हाला पुन्हा घ्यावी लागली.

सहाही किट परत घेऊन पूर्ण रक्कम पंधरा दिवसांत द्यावी. आणि याच बॅचचा माल ज्या ज्या महाविद्यालयांत, पॅथॉलॉजी लॅबमध्ये गेला असेल, त्यांना आजच लेखी कळवावं. आमच्याकडे परीक्षा पुन्हा घेता आली. लॅबमध्ये रुग्णाचा नमुना असतो.

आपली,
प्राध्यापिका, सूक्ष्मजीवशास्त्र विभाग

सोबत: बिलाची प्रत, दोन्ही स्लाइडचे फोटो. आयोडीनची एक बाटली सील करून आमच्याकडे ठेवली आहे.