मंजूर नकाशात नसलेली खोली

चि. कन्येस अनेक आशीर्वाद.

तू पसंत केलेल्या घराची छायाचित्रे मी बारकाईने पाहिली. घर हवेशीर आहे आणि तुला ते आवडले यात नवल नाही. तथापि बैठकीच्या खोलीला लागून असलेली अभ्यासिका आणि गच्चीवरची पक्की खोली मुळात मंजूर नकाशात आहेत की नाहीत, हे कागदावर पाहिल्याशिवाय विसाराची रक्कम देऊ नकोस, हे सांगण्यासाठी मुद्दाम लिहीत आहे.

शंकेचे कारण छायाचित्रांतच आहे. अभ्यासिका आणि बैठकीची खोली यांमधल्या भिंतीत खिडकी आहे. खिडकी उजेड आणि वाऱ्यासाठी बाहेरच्या बाजूला ठेवतात. ती एका खोलीतून दुसऱ्या खोलीत उघडत असेल, तर ती भिंत पूर्वी घराची बाहेरची भिंत असावी असा तर्क करता येतो. शिवाय अभ्यासिकेची फरशी किंचित खाली दिसते, आणि पावसाचे पाणी आत येऊ नये म्हणून बाल्कनीची फरशी अशीच खाली ठेवण्याची पद्धत आहे. म्हणजे बहुधा बाल्कनी बंद करून ही खोली काढली असावी. प्रत्यक्ष पाहशील तेव्हा जुन्या आणि नव्या भिंतींच्या सांध्यावर उभी चीर आहे का, छताची उंची बदलते का, हेही पाहा.

यातला धोका केवळ कागदोपत्री नाही, आणि मला अधिक काळजी याचीच वाटते. बाहेर काढलेली बाल्कनी पुष्कळदा एकाच बाजूने इमारतीत पकडलेली असते आणि तिचे बाहेरचे टोक अधांतरी असते. अशा स्लॅबवर भार आला की ताण वरच्या अंगाला पडतो, म्हणून मुख्य सळयाही वरच्याच थरात असतात. तिच्या टोकाशी अर्ध्या विटेची, तीन मीटर उंचीची भिंत उभी केली, तर प्लास्टर न धरताही लांबीच्या प्रत्येक मीटरमागे सहाशे किलोंहून अधिक वजन वाढते, आणि तेही आधारापासून सर्वांत दूर, म्हणजे जिथे ते सर्वाधिक अपाय करते तिथे. नवी फरशी बसवताना वरचे काँक्रीट फोडले असेल, तर नेमक्या त्याच सळया दुखावलेल्या असू शकतात. गच्चीवरच्या खोलीचे तसेच आहे. पाया आणि खांब जेवढ्या मजल्यांसाठी योजले, त्यावर हा भार नंतर आला. त्यातच हजार लिटरची टाकी बसवली तर नुसत्या पाण्याचेच वजन एक टन होते. खोली बांधताना गच्चीचा जलरोधक थर फोडला गेला असेल, तर गळती सुरू होऊन सळया गंजू लागतात, आणि हे पुष्कळ काळ दिसतही नाही.

विक्रेता सांगेल की खोली बांधून बरीच वर्षे झाली, कोणी हरकत घेतली नाही, आणि शेजाऱ्यांनीही असेच केले आहे. तो खोटे बोलत असेल असे मी म्हणत नाही. पण काळ लोटल्याने विनापरवाना बांधकाम आपोआप अधिकृत होत नाही. नोटीस येते ती सामान्यतः त्या वेळी मालक असणाऱ्याला, आणि बांधणारा तोवर पैसे घेऊन निघून गेलेला असतो. खरेदीखताची नोंदणी झाली म्हणून बांधकामास परवानगी होती असेही ठरत नाही, कारण नोंदणी मालकीच्या हस्तांतराची असते. घरपट्टीच्या पावत्यांचेही तेच, कारण कर आकारला म्हणजे मंजुरी दिली असे नव्हे. पुढे नियमित करून घेऊ, हे आश्वासनही तपासून घ्यावे. इमारतीभोवती मोकळे सोडावयाचे सामासिक अंतर खोलीने व्यापले असेल किंवा जागेवर जेवढ्या बांधकामाला मुभा आहे तेवढे आधीच झालेले असेल, तर अर्ज करूनही उपयोग होत नाही आणि पाडण्याचा खर्च तुझ्यावर येतो. कर्ज देणारी संस्था असे क्षेत्रफळ मूल्यांकनात धरीत नाही असे पुष्कळदा घडते, आणि विम्याच्या दाव्यातही त्यावरून वाद निघू शकतो.

म्हणून मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत वापरण्यास परवानगी देणारा दाखला, यांच्या प्रती विक्रेत्याकडून न घेता संबंधित बांधकाम परवानगी कार्यालयातून प्रमाणित करून घे, आणि नकाशा सुधारित झाला असेल तर शेवटच्या मंजुरीचीच प्रत माग. मग टेप घेऊन प्रत्येक खोली मोज, कारण पुष्कळदा खोली नकाशात असते, पण तिची भिंत पुढे सरकलेली असते. खांब किंवा तुळई तोडून दोन खोल्यांची एक केली आहे का, हे मात्र संरचना अभियंत्यालाच पाहू दे. त्याचे शुल्क वाचवू नकोस. किंमत ठरवताना परवानगी असलेल्या क्षेत्रफळाचाच दर धर. वाढीव भाग परवानगीचा आहे असे विक्रेता म्हणत असेल, तर ते करारात लिहून घे आणि खोटे ठरल्यास रक्कम परत करण्याची अट वकिलाकडून घालून घे. तो लिहून देण्यास कचरला, तर घर कितीही आवडले असले तरी तो व्यवहार सोडावास असे माझे स्पष्ट मत आहे.

नकाशाची प्रत मिळाली की मोजमापांसह मला पाठव. मी ताडून पाहीन. दुसरा गिऱ्हाईक तयार आहे असे सांगून विक्रेता घाई करील, तरी तोवर काही देऊ नकोस आणि कशावरही सही करू नकोस.

तुझी,
आई