टेबलाचे चार पाय

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

माझ्या पाच वर्षांच्या नातीने टेबल काढले होते. मधे चौकोन आणि त्याच्या चार कोपऱ्यांतून चार दिशांना फाकलेले पाय. बालवाडीतून ते चित्र लाल शाईत 'चूक. नीट काढ' असा शेरा घेऊन घरी आले. त्यानंतर कित्येक दिवस खडू हातात दिला की ती तो माझ्याकडे सरकवायची, "आजी, तूच काढून दे."

पाय असे का, म्हणून मी तिला विचारले होते. "चार आहेत ना!" ती म्हणाली. पोरीने मोजून काढले होते. लहान मूल डोळ्यांना दिसते त्यापेक्षा आपल्याला ठाऊक आहे ते काढते, हे ल्यूके या फ्रेंच अभ्यासकाने १९२७ सालीच मांडले आहे. म्हणून तर मुलांच्या चित्रांत भिंतीपलीकडची माणसे दिसतात, आईच्या पोटातले बाळ दिसते. याला चूक म्हणायला माझे मन तयार होत नाही. टेबलाविषयी तिला जे जे कळले होते, ते सगळे त्या कागदावर होते.

दीड-दोन वर्षांचे मूल रेघोट्या मारते तेव्हा अख्खा हात खांद्यापासून हलतो. मनगट आणि बोटे पुढे सावकाश कामाला लागतात. तिसऱ्या वर्षाच्या आसपास एक दिवस रेघ फिरून निघाल्या जागी येऊन मिळते आणि गोल बंद होतो. घरात कुणाचे लक्षही जात नाही, पण मला तो दिवस पहिल्या पावलाइतकाच मोठा वाटतो. त्या गोलात दोन ठिपके पडले की चेहरा झाला; मग त्या चेहऱ्यालाच हातपाय फुटतात. साधारण चौथ्या वर्षी अधिकची खूण जमते, पुढे चौकोन आणि त्याच्याही नंतर त्रिकोण, कारण तिरकी रेघ हाताला सगळ्यांत जड. आणि आपण ती साधायच्या आधीच 'र' आणि 'स' गिरवायला बसवतो!

चित्र काढताना मूल गप्प नसते. "हा पाऊस, ही मी, मी भिजतेय." कागदावरची खूण दुसऱ्या कशाच्या तरी जागी उभी राहते, हे त्याला इथेच उमगते. अक्षर तरी दुसरे काय असते? चित्र ही लेखनाच्या आधीची पायरी आहे, असे मानसशास्त्रज्ञ वायगॉट्स्की यांनी म्हटले ते याच अर्थाने.

छापील चित्रात रंग भरल्याने हात वळतो, हे खरे. पण काय काढायचे, केवढे, कागदावर कुठे, हे सगळे तिथे आधीच कुणीतरी ठरवून टाकलेले असते. मुलाने ठरवायचे काय, तर रंग.

पालकांना आणि शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे: मुलाच्या चित्रावर आपली पेन्सिल चालवू नका. नुसते 'छान' म्हणून कागद बाजूलाही ठेवू नका. "यातलं मला सांग ना," म्हणा आणि ऐकत बसा.

आणि एक विनंती आपल्यालाही. आपल्या अंकातल्या मुलांच्या पानावर 'रंग भरा' म्हणून जे तयार चित्र येते, त्या जागी एखाद्या आठवड्याला रिकामी चौकट छापता येईल का?

आपली,
एक आजी