आईच्या कार्बोप्लॅटिनविषयी दादास पत्र

लीड्स, १० जुलै

ती. दादा व सौ. वहिनी यांस साष्टांग नमस्कार.

वरच्या आळीतल्या काकांना कर्करोगावर सिस्प्लॅटिन दिले, मग आईला कार्बोप्लॅटिन का, सौम्य म्हणजे कमी ताकदीचे तर नव्हे ना, असे तू परवा विचारलेस. आई शेजारीच बसलेली होती, म्हणून फोनवर बोलले नाही. इथल्या रुग्णालयाच्या औषधविभागात ही दोन्ही औषधे माझ्या हातून जातात, तेव्हा जे लिहिते ते पूर्ण खात्रीने लिहिते.

दोन्ही औषधे प्लॅटिनमचीच. पेशीच्या डीएनएला चिकटून तिचे विभाजन थांबवायचे, हे दोघांचेही काम. सिस्प्लॅटिन थोरले. १९६५ च्या सुमारास अमेरिकेत बार्नेट रोझेनबर्ग जिवाणूंवर विजेचा परिणाम तपासत असताना जिवाणू विभागायचे थांबले आणि दोऱ्यासारखे लांबत गेले. ही करामत विजेची नसून प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडांतून सुटलेल्या द्रव्याची होती, हे मागाहून कळले. १९७८ मध्ये त्या औषधाला तेथे मान्यता मिळाली. मात्र ते मूत्रपिंडांना आणि कानांना इजा करते, शिवाय उलट्यांनी माणूस हैराण होतो, म्हणून लंडनमधील संशोधकांनी त्याची रचना बदलून अधिक सावकाश क्रिया करणारे कार्बोप्लॅटिन पुढे आणले.

आता आईचे. तिच्या अंडाशयाच्या कर्करोगात पॅक्लिटॅक्सेल या आणखी एका औषधाच्या जोडीने दोन्ही औषधांची तुलना मोठ्या चाचण्यांत झालेली आहे आणि तीत कार्बोप्लॅटिन मागे पडलेले नाही. आईचा डावा कान आधीच मंद, मूत्रपिंडांचे काम कसे चालले आहे ते दाखवणारे रक्तातले क्रिएटिनिनही थोडे वाढलेले. सिस्प्लॅटिनने गेलेले ऐकू येणे सहसा परत येत नाही, आणि ते देताना मूत्रपिंडे जपण्यासाठी शिरेतून भरपूर सलाइन चढवावे लागते. काकांचा आजार तोंडाचा, तोही रेडिएशनबरोबर. तेथे सिस्प्लॅटिनचाच मान पहिला, त्यामुळे त्यांच्या डॉक्टरांनीही योग्य तेच केले.

दोघांच्या कागदांवरचे मिलिग्रॅमचे आकडे मात्र शेजारी ठेवून पाहू नकोस. कार्बोप्लॅटिन बहुतांशी मूत्रपिंडांतून बाहेर पडते, म्हणून त्याची मात्रा त्यांच्या गाळण्याच्या क्षमतेवरून ठरते: त्या क्षमतेत २५ मिळवायचे आणि रक्तात औषधाचा एकूण प्रभाव किती हवा, त्याच्या ठरवलेल्या लक्ष्यांकाने गुणायचे. आईची क्षमता ५५, लक्ष्यांक ५, म्हणजे ४०० मिलिग्रॅम. कोणी कंजुषी केलेली नाही.

मला खरी काळजी वाटते ती ‘सौम्य’ या शब्दाची. उलट्या कमी झाल्या म्हणून घरात सगळे निर्धास्त होतात, आणि कार्बोप्लॅटिनचा घाव तर रक्तावर पडतो, तोही गाजावाजा न करता, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात. पांढऱ्या पेशी उतरल्या की साधा संसर्गही जिवावर बेतू शकतो. ताप १००.४ फॅरनहाइटला पोहोचला, तर रात्र असो वा पाऊस, सकाळची वाट न पाहता चिपळूणला निघा. आधी पॅरासिटामॉल देऊन ताप झाकू नका. प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, घसरलेल्या असताना आईला विळीवर बसू देऊ नका. वहिनी, ती नारळ खवायला हट्टाने बसेल, हे तुम्हीही जाणता. शेवाळलेल्या पाखाडीवरून आगरात जाणेही तूर्त नको, आणि अंगदुखीची कुठलीही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. केस गळणे व बोटांना मुंग्या येणे हे मुख्यतः पॅक्लिटॅक्सेलमुळे आहे. मुंग्या वाढल्या तर तेही डॉक्टरांना सांगा.

चौथ्या फेरीआधी रक्ततपासणीचा कागद हाती आला की त्याचा फोटो मला पाठव, आणि क्रिएटिनिन बदलले असेल तर मात्रा नव्याने काढली का, एवढे डॉक्टरांना जरूर विचार. आईला दुपारी पडवीत निजू दे. माझा फोन रविवारी संध्याकाळी येईल.

तुझी धाकटी बहीण