पुश्किनचा चेहरा कोरणारा हात

प्रति,
संपादक,

स.न.वि.वि.

६ जूनला रशियन कवी पुश्किनच्या जयंतीनिमित्त आपण छापलेला लेख आवडला. सोबतच्या पुश्किनच्या चित्राखाली मात्र फक्त ‘किप्रेन्स्की’ असे चित्रकाराचे नाव होते. मूळ तैलचित्र किप्रेन्स्कीचे, हे खरे. पण आपण छापले ते त्यावरून निकोलाय उत्किन यांनी १८२७ मध्ये केलेले कोरीव मुद्राचित्र, म्हणजे धातूच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापलेले चित्र आहे. ‘उत्तरेची फुले’ या वार्षिकाच्या १८२८ च्या अंकात ते आले आणि ज्यांना मूळ चित्र कधीच पाहायला मिळणार नव्हते, अशा वाचकांच्या हाती कवीचा चेहरा पडला.

मी अनेक वर्षे मुद्राचित्रण शिकवले, म्हणून हे नाव गळलेले सहन होत नाही. या कामात कोरणीची मूठ तळहातात धरून ती पुढे रेटायची. गालाची गोलाई आली की हात वळवायचा नाही, चामड्याच्या उशीवरचा तांब्याचा पत्राच फिरवायचा. दाब वाढला की रेघ भरते, सैल झाला की केसासारखी होते. चुकली, तर पत्रा मागून ठोकून वर आणायचा, घासायचा आणि पुन्हा कोरायचा. पुश्किनच्या गालावरची सावली अशा रेघांचीच आहे, तिथे रंगाचा टिपूसही नाही.

उत्किनचा जन्म १७८० चा, त्वेरचा. वडील मिखाईल मुराव्योव्ह लेखक आणि राजपुत्रांचे शिक्षक, आई भूदास, म्हणजे जमीनदाराच्या मालकीची. मुलाला वडिलांचे आडनाव मिळाले नाही. लहानपणीच तो पीटर्सबर्गच्या कला अकादमीत गेला, पुढे पॅरिसला बेर्विक या कोरीवकाराकडे शिकला. त्याचा सावत्र भाऊ निकिता झारविरुद्धच्या १८२५ च्या डिसेंब्रिस्ट उठावात सापडला. १८२६ मध्ये त्याची फाशी टळली, पण सक्तमजुरीसाठी सायबेरियात रवानगी झाली. त्याच्या पुढच्याच वर्षी उत्किनने पुश्किन कोरला आणि बोरोविकोव्स्कीच्या चित्रावरून उद्यानात फिरणारी सम्राज्ञी कॅथरीनही. भावाच्या शिक्षेनंतर त्या पत्र्यांवर वाकून बसताना त्याच्या मनात काय चालले असेल, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

पुश्किनच्या ‘कॅप्टनची मुलगी’ या कादंबरीत नायिका माशा हिला बागेत सम्राज्ञी कॅथरीन भेटते, सोबत कुत्रा असतो. तो प्रसंग वाचताना मला उत्किनने कोरलेले कॅथरीनचे हेच चित्र दिसते, आणि अभ्यासकांनीही हा धागा जोडला आहे.

पुश्किनचे हे चित्र पुन्हा छापाल तेव्हा खाली दोन्ही नावे द्यावीत, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त कलाशिक्षक, सातारा