अनुवादकाचे नाव छापत चला

महोदय,

३० सप्टेंबरला जागतिक अनुवाद दिन असतो. ही संत जेरोम यांची पुण्यतिथी. हिब्रू बायबल थेट मुळावरून लॅटिनमध्ये आणणाऱ्या या विद्वानाचे स्मरण व्हायलाच हवे. पण त्यानंतरच्या शतकात भारतातून निघून चीनमध्ये आयुष्य वेचणारे अनुवादक आपल्या पाठ्यपुस्तकांत कुठेच भेटत नाहीत, याचे फार वाईट वाटते.

उज्जैनचे बौद्ध भिक्षू परमार्थ समुद्रमार्गे ५४६ साली दक्षिण चीनमध्ये उतरले. ५४८ मध्ये राजधानीत लिआंग घराण्याचे सम्राट वू यांनी त्यांचे स्वागत केले आणि त्याच वर्षी बंड उसळले. पुढे कितीतरी वर्षे हा भिक्षू आसरा शोधत हिंडला आणि मिळेल तिथे बसून अनुवाद करत राहिला. ५६२ मध्ये मायदेशी परतायला जहाजात बसले, तर उलट्या वाऱ्याने जहाज दक्षिण चीनमधल्याच ग्वांगझू बंदराला नेऊन टाकले. तिथेच त्यांनी बौद्ध आचार्य असंगांचा ‘महायानसंग्रह’ आणि वसुबंधूंचा ‘अभिधर्मकोश’ हे बौद्ध तत्त्वज्ञानाचे संस्कृत ग्रंथ चिनी भाषेत उतरवले. ‘महायानसंग्रहा’ची मूळ संस्कृत संहिता आज हाती नाही. आज तो ग्रंथ वाचता येतो तो चिनी आणि तिबेटी अनुवादकांमुळेच.

या कामात लिहून घेणारा चिनी शिष्य होता ह्वेइकाई. तो ५६८ मध्ये गेला आणि दुसऱ्याच वर्षी गुरूही गेले. या लेखनिकाचे नाव आपल्याला आज ठाऊक आहे, कारण मूळ कोणी सांगितले, कोणी लिहून घेतले, कुठल्या मठात, कुठल्या साली, हे टिपून ठेवायची चीनमध्ये रीतच होती. त्याआधी उत्तर चीनमधल्या चांगआन नगरीत बौद्ध ग्रंथांचे अनुवादक कुमारजीव यांच्या अनुवादसभेत तर राजा याओ शिंग स्वतः जुना अनुवाद हातात धरून नवा ताडून पाहत असे!

आपल्याकडे मात्र अनुवादित पुस्तकाच्या मुखपृष्ठावर पुष्कळदा अनुवादकाचे नावच नसते. आपल्या रविवार पुरवणीतही मूळ लेखकावर चार परिच्छेद येतात आणि अनुवादाच्या वाट्याला ‘ओघवता’ हा एक शब्द. परीक्षणाखाली प्रकाशक, पृष्ठे, किंमत छापता, तिथेच अनुवादकाचे नाव आणि अनुवाद मूळ भाषेतून केला की इंग्रजीवरून, एवढे आवर्जून छापावे. आणि येत्या ३० सप्टेंबरच्या अंकात जेरोम यांच्याबरोबर परमार्थांवरही एक सविस्तर लेख द्यावा, ही कळकळीची विनंती.

– एक नियमित वाचक, सातारा