आयोनाच्या बेटावर भांडी घासणाऱ्या माझ्या लेकाला

प्रिय बाळा,

सलाम. तुझा मेसेज परवाच मिळाला पण व्हॉट्सअॅपवर एवढं सगळं टाईप करायचं म्हणजे माझं बोट दुखतं, म्हणून लॅपटॉप उघडून बसलेय, पप्पा म्हणतात आता हिला रात्रीचे बारा वाजणार.

आधी भांडून घेते. एम.एस्सी. झाली, ग्लासगोत दोन-चार ठिकाणी अर्ज टाकलेस, आणि मधेच ठरवलंस की मी काही महिने आयोनाला व्हॉलंटियर म्हणून जातो. मी म्हणलं आयोना काय आहे, तर तू म्हणालास स्कॉटलंडचं बेट आहे. मग मॅपवर बघितलं. ओबानपर्यंत ट्रेन, तिथून बोटीने मल नावाचं बेट, ते आख्खं बसने ओलांडायचं, मग परत छोटी बोट. आणि बेट केवढं तर जेमतेम ५ किलोमीटर लांब, म्हणजे नाशिकरोड स्टेशनवरून निघालं तर द्वारका सर्कलसुद्धा येणार नाही. आणि तिथे जाऊन काम काय, तर किचन आणि बाथरूम!! घरी जेवलेलं ताट उचलायला तुला तीन हाका माराव्या लागायच्या. मी दोन दिवस पप्पांशी बोलले नाही, जसं काय त्यांनीच पाठवलं.

मग तू तिथल्या आयोना कम्युनिटीची माहिती पाठवलीस ती मी वाचली, खरंच पूर्ण वाचली, आणि ती सुरू करणारे ते जॉर्ज मॅक्लाउड मला आवडले. पहिल्या महायुद्धात शौर्यपदक मिळवलेला माणूस, पुढे युद्धाच्याच विरोधात गेला. ग्लासगोच्या गोव्हनमध्ये पाळक, आजूबाजूला जहाजांचे कारखाने मंदीत बसलेले, माणसं बेकार, आणि चर्चमध्ये उपदेश चाललाय. सातपूर-अंबडला कंपन्यांना टाळं लागलं की कॉलनीत काय होतं ते आपण बघितलंय, घरातला माणूस सकाळी डबा नसतानाही आवरून बाहेर पडतो आणि संध्याकाळपर्यंत कुठेतरी बसून येतो. तर या माणसाने १९३८ साली गोव्हनचं ते चांगलं चर्च सोडलं आणि बेकार कारागीर आणि नवे शिकाऊ पाळक यांना घेऊन आयोनाच्या पडक्या मठाच्या खोल्या बांधायला गेला. यात मला काय पटलं माहितीये, मिस्त्री होता तो मिस्त्रीच राहिला आणि पाळक त्याच्या हाताखाली मजूर झाले. आपल्याकडे पाळकसाहेबांना पाण्याचा ग्लाससुद्धा ट्रेमध्ये लागतो (हे कोणाला दाखवू नकोस). ते बांधकाम १९६५ ला संपलं म्हणजे २७ वर्षं चाललं, आपल्या गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसारखंच.

आणि ती जागा मुळात ५६३ साली आयर्लंडहून आलेल्या संत कोलंबाची. पण मला जास्त महत्त्वाचं वाटलं ते १८९९ चं. तिथल्या ड्यूकने चर्च ट्रस्टला देताना लिहून दिलं की इथे सगळ्या पंथांच्या ख्रिस्ती लोकांना उपासना करता यावी. हे मी वाचलं आणि उठून चहा टाकला, कारण तुला माहितीये.

तुला अर्धंच माहितीये खरं तर. माझं माहेर नाशिकरोडचं कॅथलिक आणि पप्पा शरणपूरचे प्रोटेस्टंट, आमचं लग्न ठरलं तेव्हा दोन्हीकडच्यांनी असं तोंड केलं की जसं काय मी धर्मच बदलते आहे. तुझे मोठे मामा आलेच नाहीत. आजी आली ती शेवटच्या बाकावर बसली आणि फोटोला उभी राहिली नाही. एक पाळक, आता हयात नाहीत, मला म्हणाले होते, मुली, तुला परत पहिल्यापासून शिकावं लागेल. मी तेव्हा तेवीस वर्षांची स्टाफ नर्स, रात्रपाळीत मेलेली माणसं आवरणारी, मला पहिल्यापासून काय शिकवणार होते काय माहीत. अजूनही बाळ येशूच्या यात्रेला गेलो की मिस्सात पवित्र भाकरी घ्यायला मी रांगेत जाते आणि पप्पा बाकावर बसून राहतात, पायात चप्पल नीट करत. दोघांना त्याची सवय झाली आहे, म्हणजे झाली आहे असं आम्ही म्हणतो. तू लिहिलंस की तिथे भाकरी एकाने दुसऱ्याला द्यायची आणि कोण कुठल्या मंडळीचा कोणी विचारलं नाही, ते पप्पांनी दोनदा वाचून घेतलं माझ्याकडून.

पण एक सांगते, तू जे लिहिलंस ना की "असलं काही आपल्याकडे कोणाला सुचलंच नाही", ते चूक आहे. रेव्ह. ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून देवाचा दरबार नावाचा मेळा काढला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोन्ही चालणार होते. १९१७ साली! मॅक्लाउडच्या एकवीस वर्षं आधी. दोन वर्षांत टिळक गेले आणि ते पुढे फार गेलं नाही, पण सुचलं नाही असं म्हणू नकोस. आणि १९७० साली २९ नोव्हेंबरला नागपूरला सहा वेगवेगळ्या मंडळ्या एकत्र येऊन सी.एन.आय. (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) झालं तेही काही कमी नाही. संडेस्कूलला तू काय झोपायचास का?

नवीन काय वाटलं तर तो त्यांचा नियम. मेंबर झालं की रोज प्रार्थना आणि शास्त्रवाचन, ते आपणही करतो, पप्पा घोरतात ते सोड. न्याय आणि शांतीसाठी काहीतरी करायचं. पण आपला पैसा कुठे गेला आणि वेळ कुठे गेला याचा हिशेब गटातल्या लोकांना द्यायचा, हे बाई भलतंच. आपल्याकडे दशांशाचं पाकीट बंद करून टाकतात, आत दहा आहेत की हजार देवालाच ठाऊक, आणि देवाने विचारलं तरी सांगणार नाहीत. गंमत म्हणून मी आणि पप्पांनी मार्च महिन्याचा हिशेब एकमेकांना दाखवला. त्यांनी मला न सांगता गावच्या चुलत्यांना पाच हजार दिलेले निघाले, माझ्या दोन साड्या निघाल्या. भांडण झालं. पण मग वेळेचा हिशेब काढला त्यात ती गोष्ट आली जी मला तुला सांगायची आहे.

तू नववीत होतास. सिंकखाली तो निळा टवका गेलेला कप बघून विचारलंस, मावशींचा कप वेगळा का. मी म्हणाले अभ्यास कर. तू परत विचारलंस आणि मी तुला मारलं. तुझ्या लक्षात आहे की नाही माहीत नाही, माझ्या आहे.

बाळा, माझ्या आजोबांचे वडील नगर जिल्ह्यातल्या महारवाड्यातले. मिशनची शाळा मिळाली म्हणून आजोबा मास्तर झाले, म्हणून मी नर्स झाले. बाहेरगावचे पाहुणे आले की आपण त्यांना काळारामला नेतो आणि मान वर करून सांगतो की बाबासाहेबांनी इथे २ मार्च १९३० ला सत्याग्रह सुरू केला. आणि घरी येऊन बाथरूम धुणाऱ्या बाईला वेगळ्या कपात चहा. मला कोणी शिकवलं हे? कोणीच नाही, माझ्या आईकडे होतं, शेजारी होतं, हॉस्पिटलमध्ये होतं. लक्ष्मीबाई टिळक तर आपल्याच जलालपूरच्या, सोवळं सांभाळत किती वर्षं ख्रिस्ती झालेल्या नवऱ्यापासून वेगळ्या राहिल्या आणि मग स्वतःच ते सोडून दिलं. त्यांना निदान सोडायला सोवळं तरी होतं, मी कुठून आणलं?

तू लिहिलंस की पाहुण्यांना पण कामं वाटून दिलेली असतात, प्रोफेसरबाई बटाटे सोलतात आणि एक डॉक्टर तुझ्याबरोबर संडास धुवत होते. ते वाचल्यावर मला चैन पडेना.

बाकीचं पटकन लिहिते. तुझ्या गटातल्या त्या दोन मुली जोडपं आहेत आणि संध्याकाळची प्रार्थना त्या चालवतात असं लिहिलंस. मला अजून ते जमत नाहीये, खोटं कशाला बोलू. पण त्यांनी तुझा ताप उतरेपर्यंत सूप करून दिलं ना, त्यांना माझा सलाम सांग. आणि ती अणुपाणबुड्यांच्या तळावरची निदर्शनं, तिथे जाणार असशील तर आधी विसाचं नीट विचार. २०१८ ला शेतकऱ्यांचा लाँग मार्च सीबीएसवरून निघाला तेव्हा अकरावीचा क्लास बुडवून बिस्किटांचे पुडे वाटायला गेलेला मुलगा तू, मी अडवून थांबणार नाहीस हे मला कळतं. पण पोलिसांशी वाद घालू नकोस. लोकरीचे मोजे आणि कोंडाजीचा चिवडा पाठवते, त्या बेटापर्यंत पार्सल पोचतं का ते विचारून ठेव.

तर सोमवारी मावशी आल्या. मी आपल्या फुलांच्या सेटमधल्या कपात चहा दिला आणि टेबलावर ठेवला. त्या उभ्याच राहिल्या. म्हणाल्या, सिस्टर, माझा कप फुटला का?

मी म्हणाले हो, फुटला.

खोटं बोलले. तो अजून सिंकखालीच आहे. पप्पा म्हणतात टाकून दे, विषय संपव. मी म्हणते आधी त्यांना खरं सांगते मग टाकते. आज गुरुवार झाला, अजून सांगितलं नाही. मावशी फुलांच्या कपात चहा घेतात पण टेबलापाशी बसत नाहीत, ओट्याला टेकून पितात आणि कप स्वतः विसळून ठेवतात.

रविवारी फोन कर, उपासनेनंतर, आधी नको.

तुझी मम्मी